यंत्राच्या घरातली वाटणी

वाटणी हा शब्द आपल्याकडे कुणी सहज उच्चारला तरी घरातली मोठी माणसे कान टवकारतात. सावरगावात काय, पांढुर्ण्यात काय किंवा सौंसरकडच्या संत्र्याच्या पट्ट्यात काय, दोन भावांचे वावर वेगळे झाले की धुरा कुठून जाईल, विहिरीचे पाणी कोण कोणत्या दिवशी घेईल, गोठ्याची भिंत कुणाची, यावर बैठका बसतात. कागद नीट लिहिलेला असला तर पुढे नातवंडेही एका पंगतीत जेवतात. कागदात एक वाक्य ढिले राहिले तर पिढ्यान् पिढ्या तहसिलीच्या पायऱ्या झिजतात.

आज जिच्याबद्दल लिहायचे आहे ती वाटणी जमिनीची नाही. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये क्षणोक्षणी होणाऱ्या मेमरीच्या वाटणीची आहे. तिथेही भाऊबंद आहेत, धुरे आहेत, पटवारी आहे आणि कागद ढिला राहिल्यामुळे झालेले घोटाळेही आहेत. वाचकहो, विषय संगणकाचा आहे म्हणून पान उलटू नका. भाषा शिकवणाऱ्या माणसाने या विषयात का शिरावे, असेही कुणी म्हणेल. पण या सगळ्या भानगडीच्या मुळाशी प्रश्न शब्दांचाच आहे. मागणाऱ्याने किती शब्दांत मागावे आणि देणाऱ्याने कोणता शब्द द्यावा, एवढाच.

आधी मेमरी म्हणजे काय ते पाहू. ‘मोबाइलमध्ये जागा उरली नाही’ असे घरोघरी ऐकू येते, ती जागा वेगळी. फोटो, गाणी, लग्नाचे व्हिडिओ जिथे साठवतात ती घरातली कोठी. आपण बोलतो आहोत ती मेमरी, म्हणजे रॅम, हा स्वयंपाकघरातला ओटा. कोठीतले धान्य कितीही असो, चिरायचे, मळायचे, लाटायचे ते ओट्यावरच. आणि ओटा नेहमीच अपुरा पडतो.

या ओट्यावर कुणी किती जागा घ्यायची हे ठरवणारा एक कारभारी प्रत्येक यंत्रात असतो. त्याला कर्नल म्हणतात. लष्करातला कर्नल नव्हे. बदामाच्या आतला गर असतो ना, त्या अर्थाचा हा शब्द. ऑपरेटिंग सिस्टीमचा हा गाभा. आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्स नावाचा कर्नल असतो. फोनमधले कुठलेही अॅप स्वतः मेमरीला हात लावू शकत नाही. त्याने अर्ज करायचा आणि कर्नलने जागा मोजून द्यायची.

सावरगाव आणि पांढुर्णा यांच्या मधून जाम नदी वाहते, तशी अॅप आणि कर्नल यांच्या मधून एक सीमा वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या दोन काठांवर काय होते ते जगजाहीर आहे. तो गोटमारीचा एक दिवस सोडला, तर वर्षभर दोन्ही काठांचा व्यवहार पुलावरूनच शांतपणे चालतो. यंत्रातल्या सीमेवरही असे ठरावीक पूल असतात. त्यांना इंटरफेस म्हणतात. हा पूल कुठे बांधावा, किती रुंद ठेवावा, त्यावरून काय नेऊ द्यावे आणि काय अडवावे, ही विद्या म्हणजेच आजचा विषय. पूल एकदा बांधला की दोन्ही काठांचे रस्ते, दुकाने आणि घरे त्याच्या धोरणाने उभी राहतात. मग ‘पूल जरा अर्धा मैल खाली सरकवू’ म्हणून चालत नाही.

साध्या अॅपची मागणी भागवणे कर्नलला अवघड नाही. तो मेमरीचे सारखे तुकडे पाडून ठेवतो. परंपरेने एक तुकडा ४,०९६ बाइटचा. अॅपने शंभर तुकडे मागितले तर जिथे सापडतील तिथून शंभर तुकडे गोळा करायचे आणि अॅपच्या वहीत त्यांना ओळीने एक ते शंभर क्रमांक द्यायचे. प्रत्यक्षात तुकडे विखुरलेले, वहीत मात्र सलग. अॅपला फरक कळत नाही.

खरी अडचण येते ती उपकरणांची. फोनमध्ये कॅमेरा असतो, पडदा असतो, चित्रे रंगवणारा जीपीयू असतो, व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग असतो. ही उपकरणे मुख्य प्रोसेसरला दर वेळी मध्ये न घालता थेट मेमरीतून माल उचलतात आणि ठेवतात. या पद्धतीला डीएमए म्हणतात. पण यांतल्या पुष्कळ उपकरणांना कर्नलची वही वाचता येत नाही. त्यांना खरोखरची सलग जागा लागते. काही उपकरणांच्या दारात वही वाचून देणारा वेगळा कारकून बसवलेला असतो. त्याला आयओएमएमयू म्हणतात. तो विखुरलेले तुकडे उपकरणाला सलग भासवतो. मात्र हा कारकून प्रत्येक यंत्रात आणि प्रत्येक उपकरणाच्या दारात असेलच असे नाही. स्वस्तातल्या यंत्रांत तर खर्च वाचवण्यासाठी त्यालाच आधी वगळले जाते.

थोडा हिशेब मांडू. तुम्ही नातवाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ घेत आहात. एका चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला सरासरी दीड बाइट धरला तर एका चित्राला ३१ लाख १० हजार ४०० बाइट लागतात. म्हणजे ७६० तुकडे, आणि तेही एकाला एक लागून! अशी सेकंदाला ३० चित्रे धरली तर सेकंदाला नऊ कोटी ३३ लाख बाइट झाले. आता हे चित्र कॅमेऱ्याकडून जीपीयूकडे, तिथून व्हिडिओ दाबणाऱ्याकडे आणि तिथून पडद्याकडे जाणार. दर मुक्कामी नवी नक्कल काढायची म्हटली तर बॅटरी तासाभरात मान टाकेल आणि फोन तव्यासारखा तापेल. म्हणून माल जागेवरच ठेवायचा आणि प्रत्येकाने तिथेच येऊन आपले काम करायचे, हे ओघानेच आले.

थोडक्यात, उपकरणांच्या मेमरीला दोन गोष्टी लागतात. जागा सलग हवी आणि सामाईक हवी. जमीनजुमल्याचा अनुभव असलेल्या माणसाला विचारा. सगळ्यांत जास्त भांडणे याच दोन गोष्टींवरून होतात.

हा प्रश्न आपल्या मराठी मुलखाला अगदीच परका नाही. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकमध्ये परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये उभा राहिला. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली होती. परम ८००० मध्ये ट्रान्सप्यूटर जातीचे अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडलेले होते आणि प्रत्येकाजवळ त्याची स्वतःची मेमरी होती. एकाला दुसऱ्याच्या मेमरीत हात घालता येत नसे; काही हवे असेल तर निरोप पाठवावा लागे. म्हणजे भाऊ वेगळे राहिलेले, प्रत्येकाची चूल वेगळी, आणि काही लागले तर पोराच्या हाती निरोप. भांडण कमी, पण नेआण जास्त. पुढे २०२० मध्ये याच संस्थेत परम सिद्धी-एआय उभा राहिला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या जागतिक यादीत तो ६३ व्या क्रमांकावर होता. त्यात एनव्हिडियाची ए-१०० कार्डे आहेत. अशा कार्डावर त्याची स्वतःची वेगळी मेमरी असते. पहिल्या आवृत्तीत ती ४० जीबी होती. तिथेही आधी विचारावे लागते की माल कुणाच्या कोठारात ठेवायचा आणि दुसऱ्याला तो कसा दाखवायचा.

मोबाइल मात्र एकत्र कुटुंब आहे. कॅमेरा, पडदा, जीपीयू आणि मुख्य प्रोसेसर यांना मिळून ओटा एकच. आणि एकत्र कुटुंबात नियम नसले की काय होते ते आपण जाणतोच.

अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या काळात नेमके तेच झाले. क्वालकॉमने उपकरणांना मेमरी वाटण्यासाठी पीमेम नावाची व्यवस्था केली. एनव्हिडियाने एनव्हीमॅप केली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने सीमेम केली. प्रत्येकाचा अर्ज निराळा, पावती निराळी, शिक्के निराळे. एक ना धड, भाराभर चिंध्या! एका कंपनीच्या चिपसाठी लिहिलेले कॅमेऱ्याचे काम दुसऱ्या चिपवर चालत नसे. आपल्या सीमेवरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. अलीकडच्या वावरासाठी पटवाऱ्याकडचा खसरा आणि पलीकडच्या वावरासाठी तलाठ्याकडचा सातबारा सांभाळताना त्याची काय धावपळ होते, ते तोच जाणे.

ढिल्या कागदाचा धोका किती मोठा असतो हे डिसेंबर २०१२ मध्ये दिसले. सॅमसंगच्या एक्सिनॉस चिपच्या काही फोनांत, त्यांत गॅलेक्सी एस-३ आणि नोट-२ यांच्या आवृत्त्याही होत्या, एक्सिनॉस-मेम नावाचे एक दार सापडले. कॅमेरा आणि चित्रांच्या कामाला मेमरी लागते म्हणून ते ठेवलेले होते. पण त्या दारातून कुठल्याही अॅपला फोनची सगळी मेमरी वाचता येत होती आणि हवी तशी बदलताही येत होती. पाहुण्याला ओसरीची किल्ली द्यायची होती आणि दिली गेली ती देवघरापासून तिजोरीपर्यंत सगळ्या कुलपांना लागणारी. कंपनीने पुढच्याच महिन्यापासून दुरुस्त्या पाठवायला सुरुवात केली. पण लक्षात घ्या, इथे कुणी कुलूप फोडले नव्हते. पुलाचा नकाशाच चुकीचा काढला गेला होता. मागणाऱ्याला जितके हवे होते त्याहून कितीतरी जास्त त्याच्या हाती देणारा तो नकाशा होता.

मग शहाणपणाचा कागद कसा लिहायचा? गेल्या काही वर्षांत लिनक्सच्या मंडळींनी तो टप्प्याटप्प्याने लिहीत आणला.

पहिला टप्पा सामाईकपणाचा. लिनक्सच्या ३.३ या आवृत्तीत, मार्च २०१२ मध्ये, डीएमए-बफ नावाची व्यवस्था आली. ती लिहिण्यात आणि पुढे सांभाळण्यात सुमित सेमवाल या भारतीय अभियंत्याचे नाव अग्रभागी आहे. तिची कल्पना आपल्या गोदामाच्या पावतीसारखी आहे. कापूस किंवा सोयाबीन गोदामात ठेवले की पावती मिळते. ती पावती शेतकरी व्यापाऱ्याला देतो, व्यापारी बँकेला दाखवतो. पोती मात्र जागची हलत नाहीत. तसेच इथे. कर्नल मेमरी देतो, पण ती नेमकी कुठे आहे तो पत्ता देत नाही. तो एक क्रमांक देतो. कॅमेऱ्याच्या कामाने तो क्रमांक जीपीयूच्या कामाकडे सोपवायचा, त्याने पडद्याकडे. शेवटची पावती परत आली की कर्नल जागा मोकळी करतो. पत्ता कुणालाच ठाऊक नसल्यामुळे कर्नलला नियम सांभाळून माल इकडचा तिकडे हलवण्याचीही मोकळीक राहते, आणि पावती नसलेल्याला मालापर्यंत पोचताच येत नाही. एक्सिनॉसच्या दारात चूक झाली ती नेमकी इथेच. तिथे पावती द्यायची सोडून पत्ता दिला गेला.

दुसरा टप्पा सलगपणाचा. त्याच वर्षी जुलैत, ३.५ या आवृत्तीत, सीएमए ही सोय आली. तिच्यावर सॅमसंगच्या पोलंडमधल्या केंद्रातल्या मारेक शिप्रोव्स्की आणि मिखाउ नाझारेविच यांनी काम केले. त्याआधीचा सोपा उपाय म्हणजे फोन सुरू होतानाच कॅमेऱ्यासाठी मोठी सलग जागा कुंपण घालून राखून ठेवायची. पण दिवसातून दहा मिनिटे कॅमेरा वापरायचा आणि बाकी वेळ ती जागा पडीक ठेवायची, हे गरिबाच्या फोनला परवडत नाही. सीएमएने काय केले? आठवडी बाजाराच्या मैदानाचा न्याय लावला. बाजाराचा दिवस सोडून त्या मैदानावर पोरे खेळतात, कुणी तूर वाळत घालतो, कुणी बंडी सोडून ठेवतो. बाजाराच्या दिवशी सकाळी मात्र सगळ्यांनी आपापले आवरून दुसरीकडे जायचे. तशी ही राखीव जागा एरवी इतर अॅपना वापरू दिली जाते; कॅमेरा उघडला की त्यांचे सामान कर्नल दुसरीकडे हलवतो. मात्र एखाद्याने मैदानात खुंटाच ठोकला असेल तर? मेमरीतही काही तुकडे असे खुंट ठोकून बसतात, हलत नाहीत आणि सलग जागा मिळत नाही. म्हणून त्या मैदानात कुणाला उतरू द्यायचे, हेही आधीच ठरवावे लागते.

तिसरा टप्पा अर्जाचा. गूगलने २०११ मध्ये अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आयऑन नावाची एकच व्यवस्था आणून कंपन्यांच्या चिंध्या शिवायचा प्रयत्न केला. हेतू चांगला होता. पण आयऑनचे दार सगळ्या प्रकारच्या मेमरीला मिळून एकच होते. त्यात शिरायची मुभा मिळाली की कुठल्याही ढिगातून मागता येई. शिवाय कोणत्या क्रमांकाचा ढीग म्हणजे काय, हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवी. लिनक्सने आयऑनला घरात घेतले ते ओसरीपर्यंतच. कच्च्या कामासाठी जी वेगळी जागा असते तिथे. आतल्या खोलीत ते कधी गेलेच नाही, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ५.११ या आवृत्तीतून ते काढून टाकण्यात आले.

त्याच्या जागी मार्च २०२० मध्ये, ५.६ या आवृत्तीत, डीएमए-बफ हीप्स ही व्यवस्था आली होती. अँड्र्यू डेव्हिस आणि जॉन स्टल्ट्झ हे तिच्यावर काम करणाऱ्यांतले प्रमुख. हिच्यात प्रत्येक ढिगाला स्वतंत्र दार आहे. साध्या ढिगाचे दार वेगळे, सलग जागेच्या ढिगाचे वेगळे. कुणाला कोणत्या दाराची किल्ली द्यायची ते घरधन्याला ठरवता येते. आणि अर्ज? अवघ्या चार रकान्यांचा. पहिल्यात किती बाइट हवेत ते. दुसऱ्यात काही लिहायचे नाही. तिथे कर्नल पावतीचा क्रमांक भरून देतो. तिसऱ्यात पावतीवर कोणते हक्क हवेत ते, म्हणजे फक्त वाचायचे की लिहायचेही, असे. चौथा रकाना विशेष सूचनांचा, आणि तो आजवर रिकामाच ठेवायचा आहे. नव्या ढिगातून दिलेली जागा पुसून स्वच्छ करून दिली जाते, म्हणजे आधीच्या कुळाने भिंतीवर लिहून ठेवलेले हिशेब नव्याला वाचायला मिळत नाहीत.

त्या रिकाम्या चौथ्या रकान्याबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण या विद्येतले सगळ्यांत मोठे शहाणपण तिथे आहे. समजा तहसिलीच्या अर्जात एक रकाना ‘कार्यालयीन उपयोगासाठी’ म्हणून रिकामा आहे. लोक त्यात काहीबाही खरडतात आणि कारकून तिकडे पाहतच नाही. दहा वर्षांनी सरकार ठरवते की त्या रकान्यात फुली असेल तर अनुदान द्यायचे. आता जुन्या सवयीने फुल्या मारणारे हजारो अर्ज एकाएकी अनुदान मागू लागणार! म्हणजे तो रकाना कायमचा निकामी झाला. म्हणून चांगला कारकून पहिल्या दिवसापासूनच रिकाम्या रकान्यात टिंब जरी दिसले तरी अर्ज परत करतो. डीएमए-बफ हीप्समध्ये कर्नल नेमके हेच करतो. उगाच कडक वागायचे म्हणून नव्हे. उद्याची जागा आज कुणी उष्टी करू नये म्हणून. फाइल उघडण्याचा ‘ओपन’ हा युनिक्सचा फार जुना अर्ज. त्यात हा कडकपणा पाळला गेला नव्हता. न ओळखीच्या सूचना तो मुकाट्याने गिळत असे. त्यामुळे २०२० मध्ये त्याच ५.६ आवृत्तीत ‘ओपन-अॅट-टू’ नावाचा नवा, कडक अर्ज काढावा लागला. जुना मात्र बंद करता आला नाही, कारण जगभरचे प्रोग्रॅम त्याच्यावर चालतात.

जुने बंद करता येत नाही, यातच गोम आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा एक नियम फार कठोर आहे. कर्नलच्या आत काय वाटेल ते बदला. पण पुलापलीकडच्या अॅपचे चालू असलेले काम मोडायचे नाही. आपल्याला याचे ताजे उदाहरण आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. सौंसर आणि पांढुर्णा ही दोन तालुक्यांची नवी घडी बसली, पाट्या बदलल्या, साहेब बदलले. पण छिंदवाड्याच्या नावाने पूर्वी निघालेली खरेदीखते आणि दाखले काही रद्दी झाले नाहीत. आतली व्यवस्था बदलो, दिलेला शब्द टिकला पाहिजे. म्हणूनच शब्द देतानाच तो मोजून द्यायचा. आज अर्जात दहा रकाने दिले तर दहाही कायम सांभाळावे लागतात. चारच दिले तर पाचव्याची गरज खरोखर पटेपर्यंत थांबता येते.

अजून काही वाटण्या बाकी आहेत. साध्या मेमरीवर गटवार मर्यादा घालण्याची सोय लिनक्समध्ये २००८ मध्येच आली. तिच्यात बलबीर सिंग यांचा मोठा वाटा होता. पण जीपीयूसारख्या उपकरणाची स्वतःची जी मेमरी असते तिच्यावर अशी मर्यादा नव्हती. एकाने सगळे ताट ओढून घेतले तर बाकीच्यांनी बघत बसायचे. त्यासाठीचा डीमेम नावाचा नियंत्रक मार्च २०२५ मध्ये ६.१४ या आवृत्तीत आला. साध्या मेमरीनंतर तब्बल सतरा वर्षांनी! अनेक संशोधक एकच यंत्र वापरत असतील तिथे हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा असेल, ते सांगायला नको.

आता कुणी विचारेल, ‘सर, यातले आमच्या घरात काय येते?’ पुष्कळ येते. पोटाला चिमटा घेऊन, हंगामाच्या पैशातून आपल्याकडे एखादा फोन घेतला जातो. त्याच फोनवर मुलीचा अभ्यास, आईचे औषधाचे वेळापत्रक, बाबांचा मंडीचा भाव आणि बँकेचा निरोप. दोन-तीन वर्षांत त्याच्या सुधारणा यायच्या बंद होतात. यंत्र धडधाकट असते. पण आतला कर्नल जुना पडतो आणि जुन्या कर्नलमधली भोके तशीच उघडी राहतात. याला कारणे अनेक आहेत, कंपन्यांचा नफाही त्यांत आहे. पण एक मोठे कारण हेच की चिप बनवणाऱ्या प्रत्येकाने कर्नलमध्ये आपापल्या खासगी वाटा पाडलेल्या असतात. नवा कर्नल घालायचा तर त्या सगळ्या वाटा नव्याने पाडाव्या लागतात आणि जुन्या फोनसाठी तो खर्च करायला कुणी तयार नसते. ५.१० या आवृत्तीपासून अँड्रॉइडच्या सामाईक कर्नलने आयऑन सोडून डीएमए-बफ हीप्सचा रस्ता धरला, तो याच खासगी वाटा कमी करण्याच्या धोरणाचा भाग होता. सामाईक पूल भक्कम झाला तर फोनचे आयुष्य वाढायला वाव मिळतो. श्रीमंताला याने फारसा फरक पडत नाही. तो दरवर्षी नवा फोन घेतो. फरक पडतो तो आपल्याला.

दुसरे असे की हे कागद कुठल्या बंद कचेरीत लिहिले जात नाहीत. लिनक्समध्ये येणारा जवळजवळ प्रत्येक बदल आधी सगळ्यांसमोर मांडला जातो, त्यावर उघड वाद होतात आणि तिऱ्हाईतालाही त्यातली खोट दाखवता येते. त्याला पदवीची अट नाही की गावाची नाही. आपल्या कॉलेजांतून संगणक शिकणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. त्यांतली बहुतेक ‘प्रोग्रॅम चालला की झाले’ इथवरच थांबतात. त्यांना माझे सांगणे एवढेच. प्रोग्रॅम चालवणे ही निम्मी विद्या झाली. दुसऱ्याला वीस वर्षे विसंबून राहता येईल असा अर्ज लिहिणे ही उरलेली निम्मी. त्यासाठी गणित लागते, यंत्राचे ज्ञान लागते, आणि धुऱ्यावरची भांडणे कशी मिटतात याची समजही लागते. ती समज आपल्या भागात कमी नाही.

गावातला जाणता पंच वाटणीपत्र लिहायला बसला की काय करतो ते आठवून पाहा. तो कुणाची नियत विचारत नाही, गरज विचारतो. ज्याला विहिरीचे पाणी हवे त्याला पाण्याचा वार लिहून देतो, विहीर लिहून देत नाही. ज्याचा रस्ता आहे त्याचा रस्ता राखतो, पण वावर उघडे टाकत नाही. आणि जिथे उद्याचे काही ठाऊक नाही तिथे तो उगाच शब्द भरत नाही. जागा कोरी ठेवतो आणि शेजारी लिहितो, ‘येथे कोणी काही लिहू नये.’ चांगल्या इंटरफेसची याहून नेमकी व्याख्या मला तरी माहीत नाही.